जॉर्जियाची वाइन, बेळगावचं ताट: काही महिन्यांच्या वापरानंतर

घाईत असाल तर एवढंच वाचा. जॉर्जियाची वाइन घ्यायची असेल तर रकात्सितेली नावाच्या द्राक्षाची, जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात मुरलेली, अंबरी रंगाची आणि बिनसाखरेची घ्या. फार गार करू नका आणि जेवणासोबतच प्या.

हे मत एका बाटलीवरून झालेलं नाही. गेल्या दिवाळीपासून आमच्या टिळकवाडीच्या घरात या देशाच्या बऱ्याच बाटल्या उघडल्या. काही मुलाने आणल्या, काही त्याच्या वर्गमित्रांच्या आईवडिलांनी येताजाता आणल्या, थोड्या बंगळूरच्या एका मोठ्या दुकानातून घेतल्या. पिणारे आम्ही दोघंच, आणि अथणीहून दीर-जाऊ आले की चौघं. सासूबाई वास घेऊन शेरा मारतात, तोही मी पुढे जमेस धरला आहे.

जॉर्जिया कुठे आहे हे बेळगावात आता फारसं सांगावं लागत नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठेही जा, कुणाच्या ना कुणाच्या घरचं पोर तिबिलिसीला एमबीबीएस करत असतं. नीटचे मार्क आणि इथल्या खाजगी कॉलेजची फी यांचं गणित बसलं नाही की काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वताच्या मधला हा देश नकाशावर शोधला जातो. पालकांना तिथल्या हॉस्टेलची, थंडीची, भारतीय मेसची सगळी माहिती असते. पण जगात सगळ्यात आधी जिथे द्राक्षाची वाइन केल्याचा पुरावा सापडला, त्या देशातून पोरं सुट्टीला येताना काय आणतात? चॉकलेट आणि फ्रिजला चिकटवायचे मॅग्नेट. आमच्या चिरंजीवांनीही पहिल्या वर्षी तेच आणलं होतं.

पुराव्याचं म्हणाल तर तिबिलिसीच्या दक्षिणेला ५० किलोमीटरच्या आसपास गडाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा अशा जुन्या वस्तीच्या दोन टेकाडांत उत्खनन झालं. तिथल्या खापरांत द्राक्षाच्या वाइनचे रासायनिक अंश मिळाले. काळ इसवी सनपूर्व ६००० ते ५८००. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. मातीच्या रांजणात वाइन करायची तिथली पद्धत युनेस्कोने त्याच्या आधीच, २०१३ मध्ये, आपल्या वारशाच्या यादीत घेतली होती. तरीही वाइन म्हटलं की आपल्याकडे फ्रान्स, इटली, फार तर ऑस्ट्रेलिया. आपल्याच राज्यातली नंदी हिल्सची वाइन बेळगावात मागणारे कमी, तर जॉर्जियाला कोण विचारतो!

आता तो रांजण. त्याला क्वेवरी म्हणतात. आमच्या सासरच्या गावी जुन्या वाड्याच्या अंगणात ज्वारीचं पेव आहे; तसाच खड्डा, पण त्यात गळ्यापर्यंत पुरलेला, अंड्याच्या आकाराचा, खाली निमुळता मातीचा रांजण बसवलेला समजा. लहान असेल तर शे-दोनशे लिटरचा, मोठा असेल तर दोन-तीन हजार लिटरचा. आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला असतो. पूर्वेकडच्या काखेती भागात द्राक्षं चिरडून रस, साली, बिया, आणि देठ पिकलेले असतील तर तेही, सगळं त्यात टाकतात. आंबणं सुरू असताना वर आलेल्या साली दिवसातून काही वेळा दांड्याने खाली ढकलतात. ते थांबलं की झाकण लावून बंद करतात आणि पाच-सहा महिन्यांनी उघडतात. बाहेर बर्फ असो की ऊन, जमिनीतलं तापमान फारसं हलत नाही. म्हणून तिथे शीतयंत्र नसतानाही हे हजारो वर्षं जमत आलं.

हे सगळं मी जेवताना सांगत होते तेव्हा आमचे भाऊजी घास हातात धरून थांबले. त्यांची अथणीकडे द्राक्षबाग आहे, माल बहुतेक बेदाण्याला जातो. ते म्हणाले, "वहिनी, बिया-देठासकट म्हणता? मग कडू पडणार की!" शंका अगदी बरोबर होती. पण उत्तर रांजणाच्या आकारातच आहे. बिया जड, त्या बुडाच्या निमुळत्या टोकात जाऊन बसतात. नंतर साली खाली बसतात आणि त्यांच्यावर पांघरूण घालतात. रसाचा बियांशी संबंध कमी होतो, सालींशी राहतो. सालींचा रंग, तुरटपणा, वास वाइनमध्ये उतरतो, बियांचा कडूपणा बराचसा खालीच राहतो.

भाऊजींचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, कारण तो शेतकऱ्याचाच प्रश्न होता: साखर किती चढते आणि तेव्हा आंबटपणा किती उरतो? आमच्याकडे थॉम्सन जातीच्या द्राक्षाला साखर चढली की आंबटपणा पार उतरतो. बेदाण्याला तेच हवं असतं, वाइनला मात्र नको असतं. रकात्सितेलीचं वैशिष्ट्य म्हणजे गोडी भरली तरी तिचा आंबटपणा टिकून राहतो. शिवाय तिथे वेल हिवाळ्यात खरोखर झोपतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, वेलाला उसंत नाही. तिथली तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे आपण छाटणीच्या कात्र्या काढतो तेव्हा त्यांचा रांजण भरत असतो.

खानापूरचं नाव इथे घ्यायलाच हवं. कौलं आणि मातीकाम यांसाठी आपला हा तालुका ओळखला जातो, खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची संस्थाही तिथे आहे. तिकडच्या एका ओळखीच्या कारागिरांना मी क्वेवरी घडवतानाचे व्हिडिओ दाखवले. वळकटीवर वळकटी चढवत भिंत वर न्यायची, रोज थोडीच, खालची सुकली की वरची. मोठा रांजण व्हायला आठवडेच्या आठवडे जातात. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "भट्टीतनं बाहेर कसं काढतात ओ एवढं?" माणसाहून उंच भांडं अखंड भाजणं हीच खरी कसोटी, बाकी चाकाशिवाय भांडं उभं करणं त्यांना नवं नव्हतं. जॉर्जियातही हे काम येणारी कुटुंबं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

आता चव. रांजणातली रकात्सितेली पहिल्यांदा ओतली तेव्हा हे म्हणाले, "खराब झाली वाटतं." पांढऱ्या द्राक्षाची वाइन म्हटल्यावर डोळ्यांना फिकट रंगाची सवय; ही कोऱ्या चहाच्या रंगाची आणि किंचित गढूळ. वास सुकलेल्या जर्दाळूचा, संत्र्याच्या सालीचा, मागून थोडा मधाचा. सासूबाईंच्या मते "आंबलेल्या सरबताचा". तोंडात गेल्यावर मात्र गोडीचा मागमूस नाही. अक्रोडाच्या सालीसारखा तुरटपणा हिरड्यांना जाणवतो. नुसती प्यायला मला ती आजही फारशी आवडत नाही. गप्पा मारत, हातात ग्लास धरून प्यायची ही वाइन नव्हे.

ताटासमोर ती बदलते. शेंगदाणे-तिळाचं वाटण घातलेली भरली वांगी, तेलाची तर्री, सोबत ज्वारीची भाकरी. एरवी अशा जेवणासोबत हलकी पांढरी वाइन पाण्यासारखी वाहून जाते आणि लाल वाइन वांग्याला कडवट करते. रकात्सितेलीचा आंबटपणा तेल कापतो, आणि सालींचा तुरटपणा शेंगदाण्याच्या दाटपणाला पुरून उरतो. नंतर कळलं की तिथल्या घराघरांत वांग्याच्या कापांत अक्रोड-लसणाचं वाटण भरून खातात आणि त्यांच्या मसाल्यात मेथीच्या जातीचे दाणे, धणे, कोथिंबीर भरपूर असते. म्हणजे ही वाइन पिढ्यान् पिढ्या अशाच ताटाशेजारी वाढली आहे. फ्रेंच वाइनला आपल्या मसाल्याशी जमवून घ्यावं लागतं, हिला नाही.

आमच्या घरात तिने ज्या ज्या पदार्थांसोबत बाजी मारली ते सांगते. झुणका-भाकरी, उत्तम. डाळ घालून शिजवलेली पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी आंबट असते, तरी जमली, ही मला अनपेक्षित होती. मेथीची पीठ पेरून भाजी, छान. तळलेली सुरमई, बरी. दहीबुत्ती आणि लोणच्यासोबत अजिबात नाही. कुंद्यासोबत तर नावच काढू नका. कुठल्याही वाइनपेक्षा पदार्थ गोड असला की वाइन निव्वळ आंबट लागते. कुंदा एकटाच खावा, त्याला सोबतीची गरज नाही.

त्याच जातीत किसी नावाचं द्राक्ष सापडलं तर सोडू नका. रकात्सितेलीपेक्षा वास मोकळा, पिकलेल्या नासपतीकडे झुकणारा, तुरटपणा थोडा मऊ. पहिल्यांदाच पिणाऱ्याला मी किसीच देते. पश्चिमेकडच्या इमेरेती भागात रांजणात साली थोड्याच टाकतात, त्यामुळे तिकडची त्सोलिकोउरी हलकी असते. माशांच्या जेवणाला ती काखेतीच्या वाइनपेक्षा जास्त शोभते, पण इकडे फार क्वचित हाती लागते.

लाल वाइनमध्ये सापेरावी हा त्यांचा मानाचा गडी. बहुतेक लाल-काळ्या द्राक्षांचा गर आतून पांढराच असतो. सापेरावीचा गरसुद्धा लाल, म्हणून ग्लासात शाई ओतल्यासारखी काळी दिसते आणि टेबलक्लॉथवर सांडली तर निघत नाही. मुकुझानी असं नाव असेल तर ती त्या गावाच्या परिसरातली, लाकडी पिंपात मुरलेली सापेरावी. दर्जा खरोखर चांगला, दोनपट किमतीच्या परदेशी वाइनच्या तोडीचा. पण आपल्या मटणासोबत जपून. सावजी पद्धतीचं जहाल मटण केलं आणि सोबत मुकुझानी उघडली. तोंडात आगडोंब उसळला. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि तुरटपणाने जीभ कोरडी पडते, दोन्ही एकदम. तीच वाइन दुसऱ्या दिवशी मिरी-खोबऱ्याच्या सुक्या मटणासोबत सुरेख लागली. तांबड्या रश्श्याच्या दिवशी सापेरावी कपाटातच राहू द्या.

त्या दिवशी काय उघडायचं? इथे जाणकार नाक मुरडतील. किंड्झमराउली. ही सापेरावीचीच, पण अर्धगोड. साखर पूर्ण आंबण्याआधीच प्रक्रिया थांबवतात. ख्वांचकारा दुसरी, डोंगराळ राचा भागातल्या अलेक्सांद्रौली आणि मुजुरेतुली या द्राक्षांची. दोन्ही तिथे अतिशय लोकप्रिय. एरवी मला त्या जरा सरबती वाटतात. पण तिखटजाळ रश्श्यासमोर थोडी गार किंड्झमराउली जे काम करते ते कोरडी वाइन करूच शकत नाही. गोडी मिरचीला आवरते. माझ्या जाऊबाईंना तर फक्त हीच चालते, आणि दर वेळी त्यांची बाटली आधी संपते.

या गोड वाइनमागे थोडा इतिहासही आहे. सोव्हिएत काळात जॉर्जिया म्हणजे अख्ख्या संघाचा वाइनचा कारखाना होता; मागणी गोडाची आणि ढिगाने. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांची दारूविरोधी मोहीम आली आणि कितीतरी बागा तोडल्या गेल्या. देश स्वतंत्र झाल्यावरही माल रशियालाच जात राहिला. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाच्या वाइनवर बंदीच घातली, ती उठली २०१३ मध्ये. मधल्या सात वर्षांत त्यांना दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागलं, आणि युरोप-अमेरिकेचं गिऱ्हाईक स्वस्त गोड मालाला भुलणारं नव्हतं. घरोघरी स्वतःपुरती होणारी रांजणाची वाइन चांगल्या बाटल्यांतून बाहेर पडली ती प्रामुख्याने याच काळात. आज सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पुन्हा रशियाच आहे, त्यामुळे दुकानात समोरच्या फळीवर अर्धगोडच दिसते. मागची फळी बघायची.

विकत घेताना काय बघायचं हे मुलाला फोनवर शिकवताना माझंच शिक्षण झालं. एक, रकात्सितेली लिहिलंय म्हणजे ती रांजणातलीच असं नाही. स्टीलच्या टाकीत युरोपी पद्धतीने केलेलीही असते, फिकट आणि साधी. लेबलवर क्वेवरी हा शब्द हवा, आणि बाटली उजेडात धरून रंग बघावा. त्सिनंदाली हे नाव दिसलं तर ती रकात्सितेली आणि मत्स्वाने यांच्या मिश्रणाची फिकट पांढरी. चांगली असते, पण ज्यासाठी आपण जॉर्जियात शिरलो ती ही नव्हे. दुसरं म्हणजे मातीच्या सुरईसारख्या दिसणाऱ्या भेटवस्तूंच्या बाटल्या टाळा. रंग दिसत नाही, आत बहुधा अर्धगोड असते आणि पैसे सुरईचे जातात. बाजारात प्लास्टिकच्या बाटलीत सुटी मिळणारी घरगुती वाइन तिथेच प्यायला ठीक. मुलाच्या घरमालकीणबाई स्वतःच्या वेलाची देतात ती अप्रतिम असते म्हणे, पण ती प्रवास सोसत नाही.

कायद्याचं आधी बघून घ्या. परदेशातून येताना एका माणसाला दोन लिटर मद्य बिनशुल्क आणता येतं. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर; तिसरी घेतली की सव्वादोन होतात आणि शुल्क लागू होतं. म्हणून माणशी दोन. गोव्यात परदेशी बाटल्या स्वस्त दिसल्या तरी गाडीत टाकून चोर्ला घाटाने आणायचा विचार सोडा. कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासतात, आणि नियम तो नियम.

किमतीचा फरक ऐकून हे अजून सावरलेले नाहीत. तिबिलिसीच्या साध्या दुकानात रांजणाची चांगली रकात्सितेली तीस-पस्तीस लारीला मिळते. लारी साधारण तीस रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे हजार रुपये. तसलीच बाटली बंगळूरात घेतली तेव्हा तिप्पट मोजले. दुकानदार लुटत नाही. आयात वाइनवर सीमाशुल्कच दीडशे टक्के, त्यावर राज्याचं अबकारी. हजाराला ही वाइन म्हणजे लॉटरी लागल्यासारखंच, तीन हजारांना सणासुदीला एखादी.

तक्रारी दोन. पहिली सातत्याची. एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्या अगदी वेगळ्या निघाल्या. एक सुरेख, दुसरीला व्हिनेगरचा भपकारा आणि मागून उंदराच्या बिळासारखा वास. लहान उत्पादक, गाळणी नाही, संरक्षक गंधक जवळजवळ नाही, मग असं होतं. परत द्यायला तिबिलिसीला कोण जाणार! ती बाटली ओतून दिली. तेव्हापासून मठाच्या किंवा मध्यम आकाराच्या, नाव टिकवून असलेल्या वाइनरीची बाटली आणायला सांगते. दुसरी तक्रार गाळाची. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवायची आणि शेवटचे दोन घोट बाटलीतच सोडायचे, नाहीतर दातांत कचकच येते.

साठवणीला बेळगावची हवा बरी साथ देते. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहोत, डिसेंबर-जानेवारीत आतल्या खोलीतली बाटली थेट ओतावी इतकी योग्य गार असते. मार्चनंतर मात्र माळ्यावर किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. आम्ही जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात आडव्या ठेवतो. प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये, बस्स. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेली रकात्सितेली नुसती तुरट लागते, वास सगळा झोपतो. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये चार दिवस सहज टिकते. उलट दुसऱ्या दिवशी ती जास्त खुलते, हे माझं आणि भाऊजींचं एकमत आहे. फिकट पांढरीला एवढी ताकद नसते. पिणारे दोघंच असलेल्या आमच्यासारख्या घरात, जिथे बाटली एका बैठकीत संपत नाही, तिथे हा गुण फार मोठा.

भाऊजींनी मध्यंतरी बागेच्या कडेला पुरायला खानापूरहून एक रांजण घडवून आणायची भाषा केली होती. थॉम्सनची साल पातळ, बी नाही, आंबटपणा उतरलेला. त्याची रकात्सितेली होणार नाही, हे त्यांचं त्यांनीच हिशोब करून सांगितलं आणि विषय मिटवला. शिवाय परवाना लागतो तो वेगळाच.

जूनमध्ये चिरंजीव सुट्टीला येतायत. यादी गेली आहे: एक किसी, एक रकात्सितेली, दोन्हींवर क्वेवरी लिहिलेलं हवं. जाऊबाईंची किंड्झमराउली त्याच्या मित्राच्या सामानातून, कारण तो पीत नाही आणि त्याचे दोन लिटर वाया जातात. द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेली चाचा नावाची जहाल दारू आणू नकोस असंही मी लिहिलंय, कारण तीही त्याच दोन लिटरमध्ये मोजली जाते आणि मग एक वाइन कमी होते. यांनी त्याला वेगळा फोन करून काय सांगितलंय ते मात्र विमान उतरल्यावरच कळेल.